फाटकासमोर गाडी लावू नये

फाटक वीतभर उघडलं आणि कशावर तरी आपटून थांबलं. तिने पुन्हा ढकललं. पुन्हा तोच आवाज, पत्र्यावर लोखंड घासल्याचा. फटीतून पांढरं काहीतरी दिसत होतं. बाजूच्या लहान दारातून बाहेर येऊन बघण्याआधीच तिला कळून चुकलं की गाडी आहे. होतीच. फाटकाला अंग लावून, कुणीतरी मोजूनमापून बसवल्यासारखी. मागे दुसरी, पुढे तिसरी, समोरच्या शिंप्याच्या पायरीवर दोन चाकं चढवलेली चौथी. फाटकावर तिने स्वतःच्या हाताने तीनदा रंगवलेली पाटी होती, दर वेळी अक्षरं मोठी करत नेलेली. शेवटच्या खेपेला जागाच पुरली नव्हती, त्यामुळे ‘नये’ खालच्या ओळीत एकटं पडलं होतं. गल्लीच्या टोकाला स्टेडियमची कड दिसत होती आणि तिथून आवाज येत होता. ओरडण्याचा नव्हे, अजून सामना सुरू व्हायचा होता. तीस हजार माणसं एका जागी नुसती बसली की जो येतो तो, खालच्या पट्टीतला, कानापेक्षा छातीला आधी कळणारा. पट्ट्या, उंची, तीव्रता यांतच तिचा जन्म चालला होता. पुढच्या खोलीत ती लोकांचे कान तपासायची. गल्लीतले तिला कानवाल्या बाई म्हणत.

अंगणात तिची गाडी उभी होती आणि गाडीत बाबा बसले होते. त्यांना तिथवर आणायला तिला दीड तास लागला होता. आधी मोजे, मग उजव्या पायाची पट्टी, तिचे पाच बंद, मग सदरा, मेलेला हात आधी बाहीत घालायचा आणि जिता मागून, कारण उलट केलं की जिता हात भांडतो. मग खुर्ची, मग उतार, मग गाडीचं दार, त्यांच्या काखेत आपलं डोकं घालून एक, दोन, तीन. एवढं करून ती घामाने निथळली होती आणि बाबा आरशात बघून जित्या हाताने केस सारखे करत होते. साडेतीनला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे पोचायचं होतं. दर रविवारी तास असे. अर्धांगाचा झटका येऊन अकरा महिने झाले होते आणि त्यांची सगळी भाषा वाहून गेली होती. पुरात घर जावं आणि उंबऱ्याचा एक दगड राहावा तसा एकच शब्द मागे राहिला होता. हरामखोर. पाणी हवं असलं तरी हरामखोर, पाठ खाजली तरी हरामखोर, झोप आली तरी तेच. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी तिला समजावलं होतं की असं होतं, शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात, वाईट वाटून घेऊ नका, आपण त्याच शब्दावरून पुढे जाऊ. ती मान डोलावत राहिली होती. या धंद्यातलं तिलाही ठाऊक होतं. बाईंना ठाऊक नव्हतं ते हे, की त्या घरात हा शब्द वेगळ्या कप्प्यात कधीच नव्हता. तो दिवाणखान्यात असायचा. तो उच्चारला गेला की पुढच्या श्वासाला काय होणार हे तिला तिसऱ्या वर्षापासून माहीत होतं.

ती गाडीपाशी जाऊन म्हणाली की थोडं थांबावं लागेल, बाहेर कुणीतरी गाडी लावलीय. बाबांनी समोरच्या फळीवर डाव्या हाताने ठोकलं. ठक, ठक, ठक. म्हणजे चल.

पिवळ्या जाकिटातला माणूस कोपऱ्यावर उभा होता. स्टेडियमने नेमलेले हे लोक गाड्यांना हात दाखवत. तो अदबीने म्हणाला की त्याचं काम मोठ्या रस्त्यापुरतं आहे, गल्ली त्याच्याकडे येत नाही. तिने पोलीस चौकीला फोन लावला. चौथ्या खेपेला उचलला गेला. पलीकडचा आवाज थकलेला होता, पण वाईट नव्हता. त्याने गाडीचा नंबर लिहून घेतला आणि म्हणाला, गाडी उचलायची क्रेन आहे हो बाई, पण ती तुमच्या गल्लीत शिरणार कुठून? गल्लीत तर गाड्याच गाड्या. सामना सुटला की बघू. यात हसण्यासारखं काहीतरी होतं आणि एखाद्या दिवशी ती हसलीही असती. शेजारचे मास्तर तर अशा वेळी हसतच. ते म्हणत, आपण स्टेडियमच्या शेजारी राहत नाही, वाहनतळात राहतो, फक्त आपल्याला छप्पर आहे. सहा वर्षांत त्यांनी एकेचाळीस अर्ज केले होते आणि प्रत्येकाची पोच जपून ठेवली होती. तीही अर्जांवर सह्या करायची. चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांच्या काचेवर चिठ्ठ्या लावायची, ‘कृपया’ने सुरू होणाऱ्या. तिचा आवाज मऊ होता. कान तपासणाऱ्या माणसाला आवाज चढवून चालत नाही, आणि शिवाय तिने फार लहानपणी ठरवून टाकलं होतं की आपण कुणावर आवाज चढवायचा नाही, हात तर नाहीच. चाळिशी उलटेपर्यंत हा नेम तिने पाळला होता. लग्न मोडलं तेव्हाही. धाकट्या भावाने दूरच्या गावाहून फोनवर सांगितलं की बाबांना तूच ठेवून घे, तुझ्याकडे तळमजला आहे, तेव्हाही. ती बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती ओट्यावरचा एकच डाग पुसत राहिली.

त्यांना परत घरात न्यायचं म्हणजे पुन्हा एक, दोन, तीन, पट्टी, उतार, आणि अर्ध्या तासाने मालक आला तर पुन्हा सगळं. म्हणून ती त्यांच्या शेजारी चालकाच्या जागेवर बसून राहिली. पाऊण तास गेला. सामना सुरू झाला होता. आवाज उठत होता आणि बसत होता, आणि प्रत्येक उठण्याबरोबर गाडीची काच बारीक थरथरत होती. बाबा ठोकत होते. ठक, ठक, ठक. एवढ्या लहान जागेत ती या माणसाबरोबर इतका वेळ कधी बसली नव्हती. त्यांच्या मानेवर वस्तऱ्यातून राहून गेलेले पांढरे केस होते, ते आज सकाळी तिच्याच हातून राहिले होते. उजवा हात मांडीवर पालथा पडला होता, मऊ, धुतलेला, नखं कापलेली. ती त्या हाताकडे बघत राहिली. इतक्या जवळून आणि इतक्या निवांतपणे तिने तो कधी बघितला नव्हता. हा हात उठायचा तेव्हा तो हात नसायचा, नुसती हवा असायची, मग आवाज. आई डाव्या कानाने बहिरी होती. ती म्हणायची, न्हाणीत पाय घसरून पडले. डॉक्टरांच्या कागदावरही तसंच लिहिलं होतं, कारण आईने स्वतःच्या तोंडाने तसं सांगितलं होतं आणि तेव्हा सहा वर्षांची ती आईचा पदर धरून शेजारी उभी होती. कानावर उघडा पंजा बसला की हवा आत कोंडते, जायला वाट नसते आणि पडदा फाटतो. हे तिने पुढे पुस्तकात वाचलं, पण त्या दिवशी दाराआडून तिने ते ऐकलं होतं, ओली पिशवी फुटावी तसा आवाज. तेव्हापासून बाजारात जाताना ती आईच्या डाव्या बाजूने चालायची. त्या बाजूला काहीही बोललं तरी चालायचं. शाळेत कोण आवडतं, कोणी काय चोरलं, सगळं ती त्या मेलेल्या कानात ओतायची. एकदा म्हणाली होती, आई, मी मोठी झाले की बाबांना मारणार आहे. आई समोर बघत चालत होती. दोन पावलांनंतर आईने तिचा हात इतका घट्ट दाबला की बोटं कळवळली. ऐकू आलं होतं की रस्ता ओलांडायचा होता म्हणून, ते कधी कळलं नाही. आई गेली त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

ठोकणं थांबलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते, अवघडून, मान ताठ करून. आणि मग वास आला. तिने खाली बघितलं तर विजारीवरचा डाग पसरत पसरत बैठकीपर्यंत गेला होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. हळूच, अगदी कुजबुजल्यासारखं ते म्हणाले, हरामखोर. ही लाज होती. त्या शब्दाच्या दहा-बारा पट्ट्या एव्हाना तिला ओळखू येत होत्या. तिला त्यांची दया यायला हवी होती. तिने वाट बघितली. दया आली नाही. आलं ते दुसरंच काहीतरी, पायांच्या तळव्यांतून, गरम.

ती उतरली. फाटकाला आतून लावायचा लोखंडी अडसर भिंतीशी टेकवलेला असे, हातभर लांब, मुठीत मावेल एवढा जाड. तो हातात घेताना त्याचं वजन तिला बरं वाटलं. बाहेर येऊन तिने आधी पांढऱ्या गाडीचा बाजूचा आरसा उडवला. तो एका फटक्यात निघाला, वायरीला लोंबकळला. मग पुढचा दिवा. मग मागची खिडकी. ती पहिल्या वेळी फुटली नाही, नुसती पांढरी झाली, आणि दुसऱ्या वेळी सगळी आत कोसळली. मागच्या बैठकीवर लहान मुलाचा लाल स्वेटर होता, त्याच्यावर काचेचे दाणे सांडले. तिने स्वेटर बघितला. बघून पुन्हा मारलं. दारावर, टपावर, पुन्हा दारावर. गाडीचा भोंगा केकाटायला लागला होता आणि त्याच वेळी स्टेडियममध्ये कुणीतरी काहीतरी केलं असावं, कारण तीस हजार माणसं एकदम उठली आणि त्या गदारोळात भोंगाही बुडाला. तिला आपल्या हातांचा आवाजसुद्धा येत नव्हता. ती अगदी बहिरी होऊन मारत होती. त्यात सुख होतं. ते सुख तिने नंतर कधी नाकारलं नाही.

समोर शिंपी दारात येऊन उभा राहिला, तोंडात टाचण्या धरलेल्या, आणि आत गेला. दार त्याने आतून लावून घेतलं.

दमल्यावर ती फाटकाशी टेकून उभी राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. सामना सुटला आणि गल्लीत माणसं भरायला लागली, झेंडे खांद्यावर टाकलेली, घसे बसलेली. फुटलेली गाडी बघून वाट वाकडी करून जात होती. त्या लोंढ्यातून एक माणूस आला. चष्म्याचा, किडकिडीत, चाळिशीही न गाठलेला. हाताला धरलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी. त्याने गाडी बघितली, मग फाटक, मग पाटी, मग तिला. तिने ठरवलं होतं की तो ओरडेल. तिला तो ओरडायला हवा होता. त्याने फक्त ओठ ओले केले आणि चेहऱ्यावर एक ओशाळं हसू आणलं, चूक झालेल्या माणसाचं, समोरच्याला आधीच शांत करून ठेवणारं.

“दोनच मिनिटं लावणार होतो,” तो म्हणाला, “हिला दारापर्यंत सोडून परत…”

त्या हसण्यावर तिचा हात उठला. अडसर डाव्या हातात होता, एवढंच दैव. उजवा पंजा उघडा होता आणि तो त्याच्या डाव्या कानावर बसला. ओल्या पिशवीचा आवाज झाला. त्याचा चष्मा उडाला. त्याने हात वर घेतले नाहीत, म्हणून तिने पुन्हा मारलं, आणि पुन्हा, आणि चौथ्यांदा मारताना तो आधीच खाली बसत होता, त्यामुळे फटका कपाळावर लागला. कुणीतरी मोबाइल उंच धरला होता. कुणीतरी शिटी वाजवली. “द्या अजून एक,” असं एक जण हसत म्हणाला आणि पुढे निघून गेला. मुलगी रडली नाही, ओरडली नाही. तिने दोन्ही हात आपल्या कानांवर ठेवले होते आणि ती बघत होती, डोळ्यांची पापणी न हलवता. असं बघणं कानवाल्या बाईंच्या ओळखीचं होतं. दाराआडून, दोन बिजागऱ्यांमधल्या फटीतून, ती स्वतः असंच बघायची.

आणि मागून, उघड्या फटीतून, अंगणातल्या गाडीतून आवाज आला. हरामखोर. पुन्हा एकदा, अधिक मोठ्याने. तिने वळून बघितलं. बाबांनी मान लांब केली होती, फाटकाच्या फटीतून त्यांना सगळं दिसलं होतं आणि त्यांचा अर्धा चेहरा, जो हलू शकत होता तो, उजळला होता. ही पट्टी तिने आजवर ऐकली नव्हती. ती शाळेत पहिली आली तेव्हा नाही, नोकरी लागली तेव्हा नाही. शाबासकी होती ती.

तिच्या हातातून अडसर पडला.

त्या माणसाच्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर आला होता. तो उठायला गेला आणि तोल जाऊन गाडीला टेकला. चक्कर. तिला नावानिशी माहीत होती ती चक्कर. तिने चष्मा उचलून त्याला दिला आणि म्हणाली की आत या, कान बघायला हवा, मी तेच काम करते. हे किती वेड्यासारखं आहे ते तिलाही कळत होतं. पण तो आला. मार खाल्लेली माणसं कुणी हाताला धरलं की कशी मुकाट येतात. मुलगी त्याचा शर्ट धरून मागोमाग आली.

पुढच्या खोलीत थंड होतं. तिने हात धुतले, दोनदा. दिव्याची नळी कानात घालून बघितलं. पडद्याच्या खालच्या अंगाला चीर होती, तांदळाच्या दाण्याएवढी, कडेला लाल. तशी तिने शेकडो कानांत बघितली होती आणि प्रत्येक वेळी विचारलं होतं, काय लागलं होतं? बायका म्हणत, दार लागलं. चेंडू लागला. पडले. ती कधी पुढे विचारत नसे. मग तिने त्याला आवाजबंद खोलीत बसवलं, कपाटाएवढ्या, आणि काचेबाहेरून एकेक सूर सोडला. ऐकू आला की बटण दाबायचं. डाव्या कानाला तो बटण दाबत नव्हता. सूर वाढवत गेलं की एकदम दचकून दाबायचा, उशीर झालेल्या शाळकरी पोरासारखा. कागदावरची रेघ उतरत गेली.

बाहेर आल्यावर तिने सांगितलं. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, उद्याच्या उद्या कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं. दीड-दोन महिन्यांत चीर बहुतेक आपोआप भरते.

“बहुतेक म्हणजे?” मुलीने विचारलं. तेवढं ती पहिल्यांदाच बोलली.

“दहातल्या आठांची.”

मुलगी विचार करत होती. मग म्हणाली, “तुम्ही माझ्या बाबांना का मारलं?”

तिने तोंड उघडलं. गाडीमुळे, असं ती म्हणणार होती. गाडी, फाटक, साडेतीनचा तास, क्रेन, सहा वर्षं; सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही त्या मुलीसमोर ठेवण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात तो माणूस मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मऊपणे म्हणाला, “असू दे बाळा. चूक माझीच होती. मीच गाडी लावायला नको होती तिथे.”

आई कुठल्या आवाजात बोलायची ते ती गेली काही वर्षं आठवायचा प्रयत्न करत होती आणि जमत नव्हतं. तोच आवाज आत्ता समोर होता.

“नाही,” ती म्हणाली. आवाज चढला होता. “गाडी लावलीत ती तुमची चूक. ही माझी.”

तपासणीचा छापील कागद पुढे ओढून ती लिहायला बसली. डावा कान, पडद्याला चीर, श्रवणात घट इतकी. त्याखाली एक रकाना असतो, इजेचं कारण. तिथे तिने लिहिलं, कानावर उघड्या हाताने मारल्यामुळे. थोडं थांबून पुढे लिहिलं, मारणारी व्यक्ती, खाली सही करणारी. सही केली, शिक्का मारला आणि कागद त्याला दिला. त्याने वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाला की याची काही गरज नाही, उगीच तुम्हाला त्रास होईल. ती म्हणाली की चौकी मोठ्या रस्त्यावर पुढे आहे. मुलीसमोर म्हणाली. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. तिने झाडू आणून गाडीच्या मागच्या बैठकीवरची काच गोळा केली, लाल स्वेटर झटकून झटकून दिला. मुलीने तो घेतला नाही, बापाने घेतला. गाडी हळूहळू मागे गेली, एका दिव्याची, लोंबकळत्या आरशाची. फाटकासमोरची जागा मोकळी झाली. मंगळवारी हवालदार येणार होता, तक्रार नोंदली जाणार होती, मास्तर जामीन राहणार होते आणि आपल्या एकेचाळीस पोचा घेऊन चौकीत भाषण करणार होते. पण ते सगळं पुढचं. त्या संध्याकाळी ती नुसती रस्त्यावर उभी राहिली आणि गल्ली रिकामी होताना बघत राहिली. चुरगळलेले कागदी पेले, कुणाची तरी एक चप्पल. उजवा तळहात अजून झिणझिणत होता.

मग तिला बाबांची आठवण आली.

ते तसेच होते. अडीच तास. ओल्यात, पट्ट्यात आवळलेले, अंधारत गेलेल्या काचेमागे. ती त्यांच्या बाजूचं दार उघडून वाकली. आतली हवा आंबट झाली होती. पट्टा काढायचा, काखेत डोकं घालायचं, एक, दोन, तीन, धुवायचं, बदलायचं, भरवायचं. एवढंच डोक्यात होतं. पट्ट्याची कडी त्यांच्या पलीकडच्या अंगाला होती, म्हणून तिने त्यांच्या तोंडासमोरून उजवा हात उचलला.

बाबांनी डोळे घट्ट मिटले. मान खांद्यात ओढली, आणि जिता हात झटकन वर आणून डाव्या कानावर धरला. तोंडातून तो शब्दही आला नाही.

तिचा हात हवेत होता. ती आईची मुलगी होती, हे तिला माहीत होतं. आई असती तर तिने हात तात्काळ खाली घेतला असता.

तिने तो तसाच धरून ठेवला. एक. दोन. तीन. मग कडी काढली.